जुन्या पिकअपच्या केबिनमधला आवाज: आधी भोकं बुजवा, शीट नंतर

प्रश्न थोडक्यात असा. २०११ ची बोलेरो पिकअप, सिंगल केबिन. पिंपळगाव बसवंतहून टोमॅटो नाहीतर कांदा भरून वाशी मार्केटला फेऱ्या. ६० च्या वर गेलं की शेजारच्याशी ओरडून बोलावं लागतं, फोन ऐकू येत नाही, कसारा उतरून पुढे पोहोचेपर्यंत डोकं भणभणतं. सीट कव्हरवाल्याने सगळ्या केबिनला खालून-वरून फोम आणि शीट मारायला सांगितलंय. मारावं का?

मारा, पण सगळ्यात शेवटी. शीट मारणं दिसायला काम वाटतं, एका दिवसात होतं आणि दुकानदाराला त्यात पैसे सुटतात, म्हणून सगळे तिथूनच सुरुवात करतात. जुन्या गाडीत निम्म्याहून जास्त त्रास फाटलेल्या रबरांचा आणि झिजलेल्या भागांचा असतो. तो तसाच ठेवून वर २५ किलो माल चिकटवला तर गाडी जड होते, आवाज जेमतेम हलतो.

केबिनमध्ये आवाज दोन वाटांनी शिरतो. एक हवेतून, म्हणजे जिथून हवा येते तिथून. दुसरा लोखंडातून: टायर, पाटे, इंजिनाची थरथर चेसीतून केबिनच्या पत्र्यात येते आणि पत्रा वाजतो. या दोन्हींचे उपाय वेगळे आहेत. हवेच्या वाटेचा हिशोब फार कडक असतो. अडवणाऱ्या पत्र्याची १ टक्का जागा उघडी असेल तर बाकीच्या ९९ टक्क्यांवर काहीही लावलंत तरी अडवणूक २० डेसिबलच्या पुढे जात नाही. तुमच्या केबिनचा फ्लोअर आणि इंजिनाकडचा पत्रा, ज्याला आपण फायरवॉल म्हणतो, मिळून अडीच चौरस मीटरच्या आसपास असेल. त्याचा १ टक्का म्हणजे २५० चौरस सेंटिमीटर. गिअरच्या दांड्याचा फाटलेला बूट, स्टिअरिंग कॉलमभोवतीची फट आणि तीन-चार गळून पडलेले ग्रोमेट, म्हणजे वायर-पाइप जातात त्या भोकांतली रबरी कडी, एवढ्यात तो भरत येतो. उलट पत्र्याचं वजन दुप्पट केलं तर फायदा साधारण ६ डेसिबल. स्वस्त काय आणि महाग काय, हे यातच आलं.

आधी आवाज ओळखा. एकच पट्टा ठरवा. ओझर ते पिंपळगाव महामार्गाचा चालेल. गाडी रिकामी, काचा बंद, पंखा बंद, वेग ६०. मोबाइलवर आवाज मोजायचं कुठलंही अ‍ॅप घ्या, पण दरवेळी तोच फोन, त्याच जागी, कानाच्या उंचीला आणि शेजारी बसलेल्याच्या हातात. आकडा तंतोतंत खरा नसला तरी आधी-नंतरचा फरक कळतो. अ‍ॅपमध्ये ‘ए’ आणि ‘सी’ अशा दोन सेटिंग असतात. दोन्ही लिहून ठेवा. ‘ए’ मध्ये जड, खालचा आवाज कमी मोजला जातो आणि जुन्या डिझेल पिकअपमध्ये डोकं धरतं ते बहुतेक त्यानेच.

मग सपाट, सरळ, मोकळ्या रस्त्यावर ६० ला क्लच दाबा आणि इंजिन आयडलला येऊ द्या. चावी बंद करायची नाही आणि घाटात तर हा प्रयोग अजिबात नाही. आवाज एकदम पडला तर दोष इंजिन, पंखा, सायलेन्सर किंवा माउंटिंगचा. तसाच राहिला तर टायर, बेअरिंग, शाफ्ट किंवा वारा. उभ्या गाडीत इंजिन त्याच आरपीएमला नेऊन ऐकलं की पहिला गट आणखी पक्का होतो.

स्वर पण सांगतो. २१५/७५ आर १५ मापाच्या टायरचा परीघ साधारण २.२ मीटर, म्हणजे ६० च्या वेगाला सेकंदाला साडेसात फेऱ्या. ट्रेडवर भोवती ५० ते ६० ठोकळे असतील तर ३७५ ते ४५० हर्ट्झचा एकसुरी ‘गुंऽऽ’ तयार होतो आणि वेगाबरोबर चढतो-उतरतो. चार सिलिंडरचं इंजिन २४०० आरपीएमला ८० हर्ट्झ देतं. तो कानापेक्षा छातीत आणि सीटमध्ये जाणवतो. असला ८० हर्ट्झचा आवाज फोम अडवतच नाही, कितीही जाड घ्या. त्यावर इलाज खाली, माउंटिंगच्या रबरात.

आता प्रत्यक्ष काम. टायरपासून सुरू करा. मागच्या चाकांवर जाड गोट्यांचे किंवा रिमोल्ड टायर असतील तर अर्धा शोध तिथेच संपला. टायरवर तळहात एकदा पुढून मागे, एकदा मागून पुढे फिरवा. एका बाजूने गुळगुळीत आणि उलट बाजूने करवतीसारखा लागला तर ठोकळे तिरके खाल्ले गेलेत. तो टायर आता गप्प होणार नाही. आधी अलाइनमेंट आणि शॉकअ‍ॅब्सॉर्बर बघून घ्या, नाहीतर नवा जोडही दहा-पंधरा हजार किलोमीटरमध्ये तसाच होईल. बदलायचे तर सरळ खाचांचे, रस्त्याच्या पॅटर्नचे रेडियल घ्या. लोड रेटिंग मात्र कंपनीने दिलंय त्याहून खाली नको. काही जण रिकाम्या परतीला मागची हवा कमी करून आवाज उतरवतात. तसं करू नका. पुढच्या फेरीला हवा भरायची राहते आणि भरल्या गाडीत तोच टायर घाटात तापून फुटतो.

बेअरिंगचा आवाज टायरसारखाच वाटतो, पण हलक्या वळणावर बदलतो. उजवीकडे वळताना वजन डावीकडे जातं. तेव्हा घरघर वाढली तर डावीकडचं बेअरिंग आधी बघा. चाक जॅकवर घ्या, स्टँड लावा, एका हाताने चाक फिरवा आणि दुसऱ्या हाताची बोटं जवळच्या पाट्यावर टेकवा. चांगलं बेअरिंग बोटांना काहीच सांगत नाही. खराब झालेलं असेल तर बारीक खडी दळल्यासारखं लागतं. कानाला ऐकू येण्याच्या बरंच आधी हे बोटांना कळतं.

गिअरबॉक्सपासून मागच्या चाकांकडे जाणाऱ्या प्रोपेलर शाफ्टचे क्रॉस, म्हणजे त्याचे सांधे, हाताने पिळून बघा. शाफ्ट दोन तुकड्यांचा असेल तर मधल्या सेंटर बेअरिंगचं रबर फाटलंय का तेही बघा. ते गेलं की गाडी वेग उचलताना थरथर येते आणि ५० नंतर केबिनचा फ्लोअर गुणगुणतो. अ‍ॅक्सिलरेटर दाबल्यावर येणारी आणि सोडल्यावर सूर बदलणारी शिट्टी म्हणजे क्राउन-पिनियन, मागच्या अ‍ॅक्सलमधले गिअर. हाउसिंगमधलं तेल आणि त्याची पातळी आधी तपासा. पिनियन झिजला असेल तर शिट्टी तेलाने जात नाही. खर्च किती करायचा हे गाडी अजून किती वर्षं ठेवायची त्यावर ठरवा.

इंजिनाच्या बाजूला तीन गोष्टी. मॅनिफोल्डच्या, म्हणजे इंजिनाचा धूर गोळा करणाऱ्या नळ्यांच्या, सांध्याजवळ काजळीचे फराटे दिसले तर गॅस्केट गळतंय. त्याचा ‘टिकटिक’ आवाज तर आहेच, पण तोच धूर फायरवॉलच्या भोकातून केबिनमध्येही येतो. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो. घाट चढताना काचा लावल्यावर डोकं दुखत असेल तर सगळं सोडून हे आधी करा. दुसरं, एअर फिल्टरच्या डब्याचं झाकण आणि त्याचा रबरी पाइप. क्लिप तुटलेली असेल तर इंजिन हवा ओढतानाचा हुंकार थेट ऐकू येतो. तिसरं, विस्कस पंखा, म्हणजे इंजिन तापेल तसा क्लचने जोर धरणारा पंखा, असेल तर तो अडकलाय का. सकाळी पहिली काही मिनिटं पंखा घोंघावला तर ठीक, पण दिवसभर प्रत्येक आरपीएमला विमानासारखा ओरडत असेल तर त्याचा क्लच जाम आहे.

आता माउंटिंग, ज्याकडे कोणी बघत नाही. इंजिनाखालची रबरं, ज्यांना मेकॅनिक फाउंडेशन म्हणतात, आणि केबिन चेसीवर जिथे बसते तिथली रबरं. टॉर्च घेऊन खाली जा. केबिनच्या रबराचा काठ बाहेर फुगून चिरला असेल किंवा वरचा कप खालच्या ब्रॅकेटला टेकला असेल तर केबिन रबरावर नाही, लोखंडावर उभी आहे. अशा गाडीला वरून कितीही शीट मारा, खालून येणारा ८० हर्ट्झ तसाच राहतो. बदलायची तर पूर्ण सेट बदला. दोन नवी आणि बाकी बसलेली जुनी, असं केलं की केबिन तिरकी होते आणि दारं घासतात. बोल्टवर आदल्या दिवशी गंज सोडवणारा स्प्रे मारून ठेवा. एका बाजूचे बोल्ट काढायचे, दुसऱ्या बाजूचे फक्त सैल करायचे, केबिनच्या मजबूत कण्याखाली लाकडी फळी देऊन जॅकने दोन-तीन सेंटिमीटरच उचलायची. उचलताना एक माणूस स्टिअरिंगचा जॉइंट, गिअरची दांडी, वायरिंग आणि पाइप ताणले जात नाहीत ना हेच बघत उभा राहू दे. नव्या रबरात लोखंडी नळी असते ती विसरू नका; ती नसेल तर बोल्ट आवळताना रबर दाबून दगड होतं आणि सगळं मुसळ केरात.

यानंतर भोकं. सीट काढा, मॅट उचला. रात्री केबिनमध्ये जोरकस दिवा लावा आणि बाहेरून, बॉनेट उघडून, गाडीखालून बघा. उजेड येतो तिथून आवाज येतो. ब्लोअर असेल तर बाहेरची हवा घेण्यावर फुल ठेवून काचा बंद करा आणि बाहेरून दाराच्या फटीजवळून पेटलेली उदबत्ती हळू फिरवा. धूर जिथे फेकला जातो तिथे बीडिंग, म्हणजे दाराच्या कडेचं रबर, बसत नाही.

फायरवॉलवर स्टिअरिंगचा बूट, क्लचची केबल किंवा पाइप, अ‍ॅक्सिलरेटर केबल, वायरिंगचा मोठा ग्रोमेट, एसीचे पाइप आणि पूर्वी कोणी हॉर्न नाहीतर टेप बसवताना पाडलेली भोकं, सगळी तपासा. ग्रोमेट नवे घाला. वायरिंगभोवती उरलेली फट पुढची काच बसवायला वापरतात त्या काळ्या ब्यूटाइल पट्टीने भरा. ती मऊ राहते, नंतर वायर ओढायची झाली तर निघते. रिकाम्या भोकाला रबरी बूच किंवा पत्र्याची चकती आणि पीयू सीलंट. डब्यातला फुगणारा स्प्रे फोम कशातही मारू नका. तो पत्र्याच्या पोकळीत पाणी धरून ठेवतो, निचऱ्याची भोकं बंद करतो आणि दोन पावसाळ्यांत आतून गंज बाहेर येतो.

गिअरच्या दांड्यावर दोन आवरणं असायला हवीत: वर दिसणारा बूट आणि त्याखाली फ्लोअरला पट्टीने आवळलेला जाड रबरी बूट. जुन्या गाड्यांत खालचा हमखास गायब असतो, कारण गिअरबॉक्स उतरवल्यावर तो परत कोणी लावत नाही. या एका रबराने जेवढा फरक पडतो तेवढा छताच्या सगळ्या शीटनेही पडत नाही.

दाराचं काम संयमाचं. कागदाची पट्टी दारात धरून दार लावा आणि ओढा; सगळीकडे सारखी अडली पाहिजे. वरच्या मागच्या कोपऱ्यात ती सहज निघाली तर आधी दार हँडलने उचलून बिजागरी सैल आहे का बघा. बिजागरी ठीक असेल तर लॉक ज्यात अडकतो तो स्ट्रायकर मार्करने आखून घ्या, सैल करा आणि १ मिलिमीटर आत सरकवा. पुन्हा कागद. बऱ्याचदा नवीन बीडिंगची गरजही राहत नाही. लागलंच तर एका दाराला ४ मीटर धरा, सांधा खालच्या बाजूला ठेवा आणि फार जाड बीडिंग घेऊ नका. दार आपटून लावावं लागलं तर काही महिन्यांत लॉक आणि बिजागरी दोन्ही जातात.

वाऱ्याचा आवाज आहे का हे बघायला दाराच्या फटींवर, आरशाच्या बुडाशी मास्किंग टेप लावून एक चक्कर मारा. टपावर लोखंडी कॅरिअर आणि काचेवर बाहेरून व्हायझर असेल तर दोन्ही काढूनही एकदा चालवा. देवाचं नाव काचेवर लिहिलं तरी चालतं. व्हायझर ७० ला जो आरडाओरडा करतो त्याला भक्ती कारण नाही.

हौद्याचा खडखडाट वेगळा. फाळक्याच्या साखळ्यांना जुन्या ट्यूबचा तुकडा चढवा, कुलूपकड्यांना रबर लावा, रिकामे कॅरेट परत आणताना एकात एक घालून आवळून बांधा. हौदा केबिनच्या मागच्या पत्र्याला कुठे टेकत नाही ना तेही बघा. मध्ये बोट फिरलं पाहिजे. सीटखालचा जॅक आणि पान्हे पोत्यात गुंडाळून बांधून टाका.

एवढं झालं की पुन्हा त्याच पट्ट्यावर मोजा. कित्येकांचं काम इथेच भागतं. अजून हवं असेल तर शीटची वेळ आता आली.

थर तीन आणि प्रत्येकाचं काम वेगळं. पहिला डॅम्पिंग: अ‍ॅल्युमिनियम फॉइलची २ मिलिमीटर ब्यूटाइल शीट. ती पत्र्याची थरथर मारते. पत्र्यावर बोटाच्या पेराने वाजवा. ‘ठण्ण’ वाजतो तिथे लावा, ‘ठप्प’ वाजतो तिथे नको. मधल्या मोठ्या मोकळ्या भागावर ४० ते ५० टक्के झाकलं तरी बहुतेक फायदा मिळून जातो. शंभर टक्के मारायला सांगणारा माल विकतोय. सिंगल केबिनला फ्लोअर, मागचा पत्रा, छत आणि दोन दारं धरून साधारण ३ चौरस मीटर पुरते, वजन १० किलोच्या आसपास. स्वस्तात मिळणारी डांबरी शीट छताला लावू नका. एप्रिल-मेच्या उन्हात छताचा पत्रा हात लावू देत नाही. डांबर मऊ पडून अस्तरासकट खाली येतं आणि वास महिनोन्महिने जात नाही.

चिकटवण्याआधी पत्रा आयसोप्रोपिल अल्कोहोलने दोनदा पुसा. डिझेल किंवा रॉकेलने पुसलं तर तेलकटपणा राहतो आणि शीट सुटते. गंज असेल तर तारेच्या ब्रशने खरवडून, प्राइमर मारून, पूर्ण वाळवून मगच. फ्लोअर सडून भोक पडलं असेल तर पत्र्याचा तुकडा वेल्ड करून घ्या, एम-सील भरून वर शीट झाकू नका; वेल्डिंगआधी बॅटरीची तार काढा, खालचे ब्रेक आणि डिझेलचे पाइप बघा. शीट कडक रोलरने रेटा, फॉइलवरची नक्षी सपाट होईपर्यंत. डिसेंबर-जानेवारीत निफाडकडच्या थंडीत ब्यूटाइल धरत नाही. दुपारी उन्हात गाडी तापवून करा किंवा हीट गनने शीट आणि पत्रा दोन्ही कोमट करा.

दुसरा थर बंद पेशींचा फोम, ६ मिलिमीटर. एसी डक्टवाले वापरतात तो काळा नायट्राइल फोम चांगला, उष्णताही अडवतो. एकट्याने तो आवाज अडवत नाही. त्याचं काम वरचा जड थर पत्र्यापासून सुटा ठेवणं. गादीचा स्पंज, थर्माकोल, बबलचं चंदेरी शीट, अंड्यांचे ट्रे यातलं काहीही नको.

तिसरा जड पडदा, चौरस मीटरला ५ किलोच्या जवळपास. आयात केलेलं व्हिनाइल महाग पडतं. नाशिकच्या सातपूर-अंबडमधल्या कारखान्यांना माल पुरवणाऱ्या दुकानांतून ३ मिलिमीटरची औद्योगिक रबर शीट घेतली तरी वजन साडेचार किलोपर्यंत जातं. पुनर्वापराच्या रबराला उग्र वास असतो. आठवडाभर उन्हात टाकून ठेवा. हा थर फक्त फ्लोअर आणि फायरवॉलच्या आतल्या बाजूला हवा, साधारण अडीच चौरस मीटर. फ्लोअरला चिकटवू नका, मोकळा पसरवा, सांधे एकमेकांवर चढवून टेप मारा. गिअरबॉक्सच्या बोगद्यावर आणि सायलेन्सरच्या वरच्या भागात आधी उष्णता परतवणारं फॉइलचं आवरण द्या.

पेडलखाली मात्र जाडी मोजून. अ‍ॅक्सिलरेटर आणि क्लच तळापर्यंत दाबून, सोडून बघा. कुठे अडत असेल किंवा मॅटची घडी सरकून ब्रेकखाली येत असेल तर तेवढा भाग कापा. दारांच्या बाहेरच्या पत्र्याला आतून फक्त डॅम्पिंग, फोम नको, कारण काचेवरून पाणी तिथेच उतरतं. दाराच्या तळाची निचऱ्याची भोकं उघडी ठेवा. आतल्या पॅनेलमागचा फाटलेला प्लास्टिक कागद नवा लावा, खालची कड दाराच्या आत सोडून.

सगळं मिळून ५ ते ६ डेसिबल उतरले तर काम उत्तम झालं. कानाला आवाज निम्मा वाटायला १० लागतात, तेवढे या बनावटीच्या गाडीत मिळणार नाहीत. पण शेजारचा साध्या आवाजात बोलला तर कळेल. ८५ डेसिबलच्या वर रोज आठ-आठ तास बसणं कानांना घातक धरतात, त्याच्या खाली आलात का तेही बघा.

हे काम दिवाळीनंतर, कोरड्या दिवसांत करा. पुढच्या पावसाळ्यात इगतपुरी-कसाऱ्याच्या पावसातून दोन-तीन फेऱ्या झाल्या की फ्लोअरची कड उचलून फोमखाली हात घाला. ओल लागली तर पुढच्या काचेचं रबर आणि फायरवॉलचे ग्रोमेट पाइपने पाणी मारून तपासा आणि गळती सापडेपर्यंत मॅट परत टाकू नका.